एक बेट तुझं, एक माझं

ल्यों,
२ मार्च

प्रिय मंजू,

गुडघा कसा आहे? फोनवर "मजेत आहे गं" म्हणालीस, पण तुझं "मजेत" मला कॉलेजपासून ठाऊक आहे. दात काढल्यावरही तू मजेतच होतीस. म्हणून चार फोटो पाठवून मोकळी झाले नाही, पत्र लिहायला बसलेय. नाहीतरी पाय लांब करून बसायचंच आहे तुला. लांबलचक लिहिणार आहे, कंटाळलीस तर मध्ये चहा घे.

मुलांच्या फेब्रुवारीच्या सुट्टीत आम्ही ग्वादलुपला जाऊन आलो. वेस्ट इंडीजमधलं बेट, पण कारभार फ्रान्सचा. पॅरिसहून साडेआठ तास उडायचं, आणि उतरल्यावर पुन्हा तेच युरो, त्याच पिवळ्या टपालपेट्या. तुझ्या भावाला सांग, वेस्ट इंडीज असूनही इथे क्रिकेटचं नाव काढायची सोय नाही. सगळे फुटबॉलवाले.

पण सांगायचंय ते या बेटाबद्दल नाही. त्याच्या आग्नेयेला दोन चिमुकली निर्मनुष्य बेटं आहेत, त्यांचं नाव 'पतीत तेर'. हसू नकोस. मलाही पहिल्यांदा आपल्या रत्नागिरीचं पतितपावन मंदिरच आठवलं होतं. अर्थ साधा आहे, छोटी जमीन. स्थानिक क्रेयोल भाषेत नुसतं 'तितॅ'. १९९८ पासून राखीव क्षेत्र. राहायला परवानगी नाही, हॉटेल नाही, टपरी नाही. सकाळी जायचं, संध्याकाळच्या आत परतायचं. माणसंही मोजूनच नेतात, त्यामुळे आधी नाव नोंदवावं लागतं. आमची पहिली तारीख तर रद्दच झाली. दोन्ही बेटांच्या मध्ये शिरायची वाट प्रवाळाच्या बांधातून जाते, लाटा मोठ्या असल्या की ती बंद. मुलं रुसली. मला मात्र बरं वाटलं. समुद्राने नाही म्हटलं की नाही, पैसे भरलेत म्हणून कुणी नेत नाही.

दोन दिवसांनी सकाळी आठला सँ-फ्रान्स्वा गावच्या धक्क्यावरून निघालो. बोट कॅटामरान. हा शब्द मूळचा तमिळ हे तुला माहीत होतं का? कट्टुमरम, म्हणजे एकत्र बांधलेले ओंडके. मला हे आमच्या तांडेलाने सांगितलं. तोंडावळा थेट आपल्याकडचा, बोलणं अस्खलित फ्रेंच. त्याच्या पणजीच्या आईला कारैकालहून, म्हणजे तेव्हाच्या फ्रेंचांच्या ताब्यातल्या तमिळ किनाऱ्यावरच्या बंदरातून, आणलं होतं म्हणे. १८४८ मध्ये इथली गुलामगिरी संपली, उसाच्या मळ्यांना मजूर मिळेनात, मग कंत्राटावर हिंदुस्थानातून माणसं आणायला सुरुवात झाली. पहिलं जहाज डिसेंबर १८५४ मध्ये लागलं. पुढच्या पस्तीसेक वर्षांत चाळीस हजारांवर माणसं आली, बरीचशी तमिळ मुलखातली. या तांडेलाला तमिळ येत नाही, त्याच्या आईलाही येत नव्हतं. पण दुपारी त्याने जे चिकन वाढलं ना, त्यात धणे, जिरं, मोहरी, मेथी, हळद, सगळं जागच्या जागी. त्या मसाल्याला इथे 'कोलोंबो' म्हणतात. भाषा गेली आणि फोडणी राहिली.

जाताना वारा तोंडावर. बोट दर लाटेवर चढायची आणि धप्पकन आपटायची. 'मी कोकणातला आहे' असं आदल्या दिवशी तीनदा सांगणाऱ्या प्रकाशने विसाव्या मिनिटाला लिंबू मागितलं. त्यावर जास्त लिहीत नाही, तो पत्र वाचणार आहे.

आणि मग बांध ओलांडला की एकदम सगळं शांत. दोन बेटांच्या मध्ये उथळ खाडीसारखं पाणी, तळाची वाळू दिसते आहे. रंगाचं वर्णन करत नाही, फोटोत बघ. नांगर टाकायला बंदी आहे, तळाचं गवत उपटलं जातं म्हणून. पाण्यावर ठेवलेल्या तरंगत्या पिंपाला बोट बांधायची आणि कमरभर पाण्यातून चालत काठ गाठायचा.

पायाशी काहीतरी सळसळलं म्हणून खाली पाहिलं तर शार्क. अगं किंचाळू नकोस, मी किंचाळून झालंय. हातभर लांबीची पिल्लं, पिवळसर तपकिरी, गुडघाभर पाण्यात काठाला समांतर फेऱ्या घालत होती. यांना लेमन शार्क म्हणतात. मोठे मासे इतक्या उथळात येत नाहीत, म्हणून पिल्लांची पहिली काही वर्षं इथेच जातात. बहामाजमधल्या बिमिनी बेटांवर अभ्यासकांनी या जातीच्या पिल्लांना खुणा करून वर्षानुवर्षं पाळत ठेवली, तेव्हा कळलं की माद्या मोठ्या झाल्यावर जिथे जन्मल्या तिथेच पिल्लं घालायला येतात. बाळंतपणाला माहेरी! मी प्रकाशला म्हटलं, बघ, शार्कला कळतं. तो लिंबू चोखत होता.

बेटावर पाय ठेवण्याआधी तांडेलाने नियम सांगितले. शिंपला उचलायचा नाही, वाळू न्यायची नाही, कुणाला काही खायला घालायचं नाही, पायवाट सोडायची नाही, स्वतःचा कचरा स्वतः परत न्यायचा कारण कचरापेटी ठेवलेलीच नाही. आणि ज्या झाडांच्या बुंध्यावर लाल पट्टा आहे त्यांच्या सावलीला बसायचं नाही. तो मँचिनील. हिरव्या छोट्या सफरचंदासारखी फळं, वासाला गोड, पण विषारी. चीक लागला तर फोड येतात. पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तरी पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्याने अंग भाजतं. बिब्ब्याचा थोरला भाऊ समज. पमीची मान बिब्बा उतून कशी सुजली होती आठवतं? मी त्या झाडापासून दहा हात लांबून गेले. आणि हेच झाड तिथले इग्वाना खुशाल खातात!

आता इग्वाना. यांच्यासाठीच तर तुला पत्र लिहायचं होतं. घोरपडीएवढा प्राणी डोळ्यांसमोर आण, पण पाठीवर कंगव्यासारखे काटे, गळ्याखाली लोंबती झालर आणि चेहऱ्यावर बँकेतल्या जुन्या हेडक्लार्कचा भाव. नर राखाडी, पिल्लं पोपटी. एका झुडपाखाली पाच-पाच. आपण आलो म्हणून कुणी पळत नाही की जवळही येत नाही. मी वाटेच्या कडेला उकिडवी बसले, एक समोर पान खात होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, विशेष काही नाही असं ठरवलं आणि पुढचं पान तोडलं.

हे 'लेसर अँटिलीज'चे, म्हणजे वेस्ट इंडीजच्या पूर्वेकडच्या छोट्या बेटांच्या रांगेचे मूळ इग्वाना, जगात फक्त या भागातल्या मोजक्या बेटांवर उरलेत आणि अतिसंकटग्रस्त यादीत आहेत. शास्त्रीय नाव 'इग्वाना डेलिकॅटिसिमा'. डेलिकॅटिसिमा म्हणजे फार चविष्ट! बिचाऱ्याचं बारसं करणाऱ्यांच्या मनात काय होतं ते कळतंच. पण आता त्यांना शिकाऱ्यांपेक्षा भीती आहे ती सोयरिकीची. बाहेरून आणलेला हिरवा इग्वाना ग्वादलुपच्या मोठ्या बेटांवर पसरला, त्याच्याशी संकर होऊन मूळ जात विरघळत चालली. ओळखायची खूण सोपी आहे. हिरव्याच्या कानाखाली एक मोठा गोल खवला असतो, टिकलीसारखा, आणि शेपटीवर काळे पट्टे. इथल्यांच्या कानाखाली टिकली नाही. मी चाळीसेक जणांचे कान तपासले. एकही टिकली नाही.

पुढे दीपगृह आहे, १८४० चं, ग्वादलुपमधलं सगळ्यात जुनं. वर चढू देत नाहीत. आत कुणी राहत नाही, १९७२ मध्ये ते स्वयंचलित झालं आणि शेवटचा राखणदार निघून गेला. त्याआधी इथे घरं होती, कापूस पिकवायचे, दगडी भिंतींचे अवशेष अजून आहेत. निर्मनुष्य म्हणजे कधीच माणूस नव्हता असं मी समजत होते. तसं नाही. माणसं होती, ती गेली. बेट पुन्हा इग्वानांच्या ताब्यात आलं. भिंतीवर एक थोरला नर ऊन खात पडला होता, घरमालकासारखा.

पूर्वेचा किनारा वेगळाच. तिथे आडवा अटलांटिक. खडकाला खालून भोकं पडली आहेत, लाट आत शिरली की वर फवारा उडतो. वाऱ्यात टोपी टिकत नाही. फार वेळ थांबलो नाही.

दुपारी पाण्यात डोकं घातलं. हिरवी कासवं गवत चरताना दिसली, गायीसारखी, मान न उचलता. प्रवाळ मात्र, खरं सांगते, बराचसा मेलेला आहे. राखाडी खडकासारखा. २००५ मध्ये समुद्र तापला तेव्हा सगळ्या कॅरिबियनमधला प्रवाळ पांढरा पडला होता, नंतरही तेच होत राहिलं. या बेटावर पहारा आहे, नियम आहेत, पण पाण्याच्या तापमानाला कोण अडवणार?

बोटीवर परत आल्यावर मी समोरच्या बेटाबद्दल विचारलं. दोन आहेत ना, आम्ही फिरलो ते 'खालचं', पलीकडे 'वरचं'. दोन्ही सपाटच. खलाशांच्या बोलीत वारा येतो ती बाजू वरची. "तिकडे कधी नेता?" तांडेल म्हणाला, "नाही नेत. तिथे उतरायला बंदी आहे."

आणि मला एकदम आपल्या कोकणातलं कासवांचं वेळास आठवलं. पहाटे दोरीभोवती मोबाईल घेऊन उभी असलेली ती गर्दी, कासवाची पिल्लं पाण्याकडे सरपटत होती, आणि तू दातओठ खात म्हणालीस, "हाकला या सगळ्यांना." मी म्हटलं होतं, पाहिल्याशिवाय माया कुठून येणार? मंडणगडपर्यंत एसटीत तू माझ्याशी एक शब्द बोलली नव्हतीस. खिडकीही देईनास. तर मंजू, इथे कुणीतरी आपल्या दोघींचंही ऐकलंय. मधे दगड टाकला तर पलीकडे पोचेल इतकं पाणी, अलीकडचं बेट माझं, पलीकडचं तुझं. मी बराच वेळ तुझ्या बेटाकडे बघत बसले होते. काही दिसत नव्हतं. झुडपं, वारा आणि एक पांढरा पक्षी. मला तिकडे जावंसं फार वाटत होतं, हेही कबूल करते.

येताना वारा पाठीशी होता, शिडं उभारली आणि बोट पाण्यावरून नुसती घसरत आली. प्रकाशने दोन वेळा भात खाल्ला.

यंदा वेळासला घरटी किती झाली, पिल्लं निघायला लागली का? कुणी गेलं तर विचारून ठेव. आणि डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम कर. पुढच्या मार्चमध्ये मी येतेय, एसटीनेच जाऊ. खिडकी तुझी.

तुझी,
शुभा

ता. क. घरी आल्यावर धाकट्याच्या बुटातून चमचाभर वाळू निघाली. नियम मोडला गेला. एका काचेच्या बाटलीत घालून ठेवली आहे आणि रोज तिच्याकडे बघून मला अपराधी वाटतं. तू काय म्हणशील ते माहीत आहे, लिहून कळवू नकोस.