आठ दिवसांत आठ गोल

महोदय,

महाशिवरात्रीच्या सुट्टीच्या दिवशी, शुक्रवार २१ फेब्रुवारी २०२० रोजी, अंधेरी क्रीडा संकुलातील मैदानावर मुंबई सिटी एफसीला चेन्नईयिन एफसीकडून ०-१ असा पराभव पत्करावा लागला आणि इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेच्या बाद फेरीची उरलेली एकमेव जागा आपल्या हातून गेली. गोवा, कोलकात्याचा एटीके आणि बंगळुरू आधीच पुढे पोहोचले होते. चौथ्या जागेसाठी आम्हाला विजय पुरेसा होता आणि बरोबरी झाली असती, तरी चेन्नईचा गुवाहाटीतील अखेरचा सामना होईपर्यंत आशा तग धरून राहिली असती. उत्तरार्धात लाल कार्ड मिळाल्यानंतर दहा जणांनी किल्ला लढवला खरा, पण ८३व्या मिनिटाला तो पडला. गोल करणारा लुसियान गोइयान गेल्या मोसमापर्यंत आमच्याच बचावफळीचा आधार होता. ज्याच्या नावाने याच स्टँडमध्ये ओरडून घसा बसवून घेतला, त्यानेच घाव घातल्यावर आमच्या रांगेतून शिवीसुद्धा उमटली नाही. माझा भाचा मात्र शिट्टी वाजल्यावरही मोबाइलवर गुणांची बेरीज पुन्हा पुन्हा करत बसला होता आणि उपवासाचे साबुदाणावडे डब्यात तसेच राहिले होते.

त्याची बेरीज मीही घरी येऊन केली. हा मोसम शुक्रवारी हातून गेला असे मला वाटत नाही. तो दिवाळीच्या आसपासच निसटला होता. ३१ ऑक्टोबरला ओडिशाने आणि ७ नोव्हेंबरला गोव्याने याच मैदानावर आम्हाला प्रत्येकी २-४ असे हरवले, म्हणजे आठ दिवसांत घरच्या प्रेक्षकांसमोर आठ गोल खाल्ले. पुढे गतविजेत्या बंगळुरूला त्यांच्या आणि आमच्या अशा दोन्ही मैदानांवर धूळ चारणारा हाच संघ तळाच्या हैदराबादशी बरोबरीत अडकतो आणि निर्णायक लढतीच्या नऊ दिवस आधी गोव्यात जाऊन पाच गोल खाऊन परततो, याची संगती कशी लावायची? प्रशिक्षक जॉर्ज कोस्टा हे स्वतः एकेकाळचे नावाजलेले बचावपटू. २००४ मध्ये युरोपातील चॅम्पियन्स लीग जिंकणाऱ्या पोर्तुगालच्या पोर्तो क्लबचे कर्णधार. त्यांच्या हाताखालच्या संघाची मागची फळी अशी गळकी असावी, याचे मला संपूर्ण मोसमभर नवल वाटत आले आहे.

नोव्हेंबरमध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतल्याचे जाहीर झाले, तेव्हा मँचेस्टर सिटीचे मालक आता आपलेही मालक झाले, या आनंदात आम्ही ते आठ गोल विसरून गेलो होतो. मोसमाच्या मध्यावर आलेल्या मालकांना या निकालासाठी जबाबदार धरणे अन्यायाचे ठरेल. मात्र पुढच्या मोसमात ही सबब चालणार नाही, आणि पैसा कमी पडला असेही कोणाला म्हणता येणार नाही. पुण्याचा संघ गेल्या वर्षी बंद पडल्यापासून या लीगमध्ये महाराष्ट्राचा हा एकच संघ उरला आहे. तोही फेब्रुवारीतच घरी बसल्यावर येथल्या प्रेक्षकाने मार्चमधले सामने कोणासाठी पाहायचे? भाचा म्हणतो, गोव्यासाठी. त्यांच्याकडून दोन सामन्यांत नऊ गोल खाल्ल्यानंतर मला ते जमणार नाही.

क्लबकडे माझे मागणे एवढेच आहे की, नव्या मोसमाची तिकिटे विक्रीला काढण्याआधी मागच्या फळीत कोणाला आणणार आणि कोणाला निरोप देणार, हे प्रेक्षकांना स्पष्टपणे सांगावे. आघाडीच्या खेळाडूची छायाचित्रे छापून आमची समजूत काढू नये. आणि गोइयानला का जाऊ दिले, हेही जमल्यास सांगावे.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक, अंधेरी (पश्चिम)