एक सकाळ किस्लाउसाठी ठेवा

मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स.न.वि.वि.

महाराष्ट्र आणि जर्मनीतलं बाडेन-वुर्टेम्बर्ग यांची भागीदारी २०१५ साली झाली. तेव्हापासून आपल्याकडची शिष्टमंडळं इथे येत असतात. कार्यक्रम साधारण ठरलेला: मोटारींचा कारखाना, एखादं विद्यापीठ, ब्लॅक फॉरेस्ट आणि संध्याकाळी मराठी मंडळींचे बटाटेवडे. (वडे आम्हीच तळतो, तक्रार नाही.) मी कार्ल्सरूहला नोकरी करतो. पुढच्या दौऱ्यात एक सकाळ किस्लाउला, म्हणजे जिथे नाझींची छळछावणी होती त्या जागेला द्यावी, एवढ्यासाठी हे पत्र.

लुडविग मारुम हे कार्ल्सरूहमधले वकील. १९०४ पासून सोशल डेमोक्रॅटिक पक्षात. राजेशाही गेल्यावर, १९१८ च्या अखेरीस, बाडेन राज्याचे न्यायमंत्री झाले. १९२८ पासून राइशस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, खासदार. जन्माने ज्यू, पण ज्यू धर्मसंस्था त्यांनी कधीच सोडली होती. नाझींच्या लेखी त्यानं काही फरक पडला नाही. ५ मार्च १९३३ ला ते पुन्हा निवडून आले आणि १० मार्चला पकडले गेले. खासदाराला अटकेपासून संरक्षण होतं, ते कागदावरच राहिलं.

१६ मे १९३३ चा एक फोटो आहे. खुल्या गाडीत सोशल डेमोक्रॅटिक पक्षाची सात माणसं बसवलेली, भोवती गणवेशातले पहारेकरी, रस्त्याच्या कडेला गर्दी. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे: धिंड. मारुम त्या सातांत होते. त्यांच्यासोबतचे आडाम रेमेले पूर्वी राज्याचे प्रमुख, आणि त्याआधी पिठाच्या गिरणीतले कामगार. म्हणून त्यांना खिजवायला गिरणीवाल्याचं लोकगीत वाजवलं गेलं. ही चेष्टा कुणाला तरी आधी सुचली असणार, वाद्यांची सोय झाली असणार. मला त्या फोटोपेक्षा या तयारीचीच जास्त भीती वाटते.

धिंड संपली ती किस्लाउच्या छळछावणीत. २९ मार्च १९३४ च्या पहाटे मारुम यांना कोठडीत झोपेतच गळा आवळून मारलं. वय ५१. जाहीर झालं, ‘आत्महत्या’. कोठडीतली आत्महत्या म्हटल्यावर आपल्याकडचा पेपर वाचणारा माणूस भुवई वर करतो, तशी इथल्या लोकांनीही केली असावी, कारण पाळत असूनही अंत्यसंस्काराला हजारो लोक आले. न्यायालयात खून सिद्ध व्हायला मात्र १९४८ उजाडलं.

ज्याच्या अमलात हे झालं तो नाझी राज्यपाल रॉबर्ट वाग्नर. त्यानंच १९४० च्या ऑक्टोबरात बाडेनच्या ज्यूंना गाड्यांत भरून फ्रान्सच्या दक्षिणेला गुर्सच्या छावणीत पाठवलं. मारुम यांची धाकटी मुलगी ब्रिगिटे फ्रान्समध्ये पकडली गेली आणि १९४३ साली पोलंडमधल्या सोबिबोरच्या मृत्युछावणीत मारली गेली.

किस्लाउ इथून गाडीने अर्ध्या तासावर आहे. पाहुण्यांना असलं काही दाखवायला यजमान संकोचतात, म्हणून आपण होऊन ते नेणार नाहीत. तुमच्या कार्यालयातून दोन ओळींची विनंती आली तर सोय होईल. वडे त्या दिवशीही करू.

आपला,
कार्ल्सरूहमधला एक मराठी अभियंता