पेटी कपाटावरून खाली काढ

डब्लिन,
ऑक्टोबर

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

भजनी मंडळात चौघेच उरलेत, बँकेतून यायला आठ वाजतात, म्हणून तू पेटी बांधून कपाटावर टाकलीस, हे वाचून फार वाईट वाटलं. त्याच रात्री ‘चीफ्टन्स’ या आयरिश वादकांच्या संचाची जुनी रेकॉर्ड लावली आणि तुला लिहायचं ठरवलं.

पॅडी मोलोनीनं १९६२ साली इथं डब्लिनमध्येच हा संच जमवला. आयर्लंडचे पारंपरिक सूर, जे शेतकऱ्यांच्या स्वयंपाकघरात नाचासाठी वाजायचे, ते लोकांनी नुसते बसून ऐकावेत एवढीच त्यांची इच्छा. मोलोनी हिशेबाची नोकरी करायचा, बासरीवाला मायकल ट्युब्रिडी इंजिनिअर, फिडलवाला (फिडल म्हणजे व्हायोलिनच) शॉन कीन टपाल खात्यात. १९७५ च्या सेंट पॅट्रिक दिनाला, म्हणजे आयर्लंडच्या राष्ट्रीय सणाला, लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल भरला, त्यानंतर कुठे त्यांनी नोकऱ्या सोडल्या. म्हणजे बारा-तेरा वर्षं दिवसा कचेरी आणि रात्री वाजवणं!

मोलोनीचं वाद्य तू पाहायलाच हवंस. इलिन पाइप्स. आयरिशमध्ये कोपराला जो शब्द आहे त्यावरून हे नाव. तोंडानं फुंकायचं नाही. एका कोपराखाली भाता, दुसऱ्याखाली हवेची पिशवी. आपल्याकडे सनईमागे दुसरा माणूस सूर धरून बसतो, इथं तो सूर धरणाऱ्या तीन नळ्या वाजवणाऱ्याच्याच मांडीवर आडव्या असतात. मुख्य नळीचं टोक मांडीवर टेकवून सगळी भोकं बोटांनी झाकली की आवाज बंद, बोट उचललं की सूर फुटतो. या झाक-उघडीतून तो असे तुटक, खडे सूर काढायचा की अंगावर काटा येतो. आणि संथ चालीची धून लागली की ताल सुटतो, नुसता श्वास उरतो. मला तर ती आलापीच वाटते.

परवा इथल्या एका पबमध्ये कोपऱ्यातल्या टेबलाभोवती सातआठ जण वाजवत होते. जिग, म्हणजे नाचाची एक धून, चालू होती, आपल्या दादऱ्यासारखे तीन-तीनचे झोके. सगळे एकच धून वाजवतात, पण हरकती ज्याच्या त्याच्या. चीफ्टन्सनी यात भर घातली ती मांडणीची, आणि ती वाट संगीतकार शॉन ओ रियाडाच्या संचात मोलोनीला सापडली होती. सगळ्यांनी सतत वाजवायचं नाही. शिट्टीनं, म्हणजे पत्र्याच्या छोट्या बासरीनं, सुरुवात करावी, फिडलनं ती उचलावी, मग बोडरान, म्हणजे शेळीच्या कातड्याचा डफ, हळूच आत यावा. पुढे बेलफास्टचा डेरेक बेल हार्प घेऊन आला आणि १७३८ मध्ये वारलेल्या अंध हार्पवादक ओ कॅरोलनच्या रचना पुन्हा तारांवर आल्या. मला त्यांचं हेच वादन सगळ्यांत प्रिय आहे.

चीनच्या भिंतीवर ते १९८३ मध्ये वाजवून आले. २०११ च्या सेंट पॅट्रिक दिनाला तर अंतराळवीर कॅडी कोलमननं मोलोनीची शिट्टी आणि चीफ्टन्समधल्याच मॅट मोलॉयची बासरी अंतराळ स्थानकात वाजवली! मोलोनी २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये गेला. दर ऑक्टोबरला मी त्याची रेकॉर्ड लावतो.

सोबत ओ कॅरोलनची एक धून पाठवतोय. पेटी खाली काढ, भात्यावरची धूळ पूस, पांढरी दोनचा सा धर आणि बसव. उरलेल्या तिघांनाही बोलाव. मृदंग कुठे आत येतो, ते मला ऐकायचंय.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
नाना