आधी चिठ्ठ्या, मग धडा

प्रिय मित्रा,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. इतिहासाचं पुस्तक उघडलं की पोरं जांभया देतात म्हणतोस आणि वर मलाही झोप येते हेही कबूल करतोस, म्हणजे खोट पोरांत नाही हे तुलाही कळलंय की! माझं पहिलं वर्ष असंच गेलं. घरी शिकवायचं ठरवलं आणि केलं काय, तर शाळेतलाच तास उचलून घरी आणला, मी वाचायचं, त्यांनी ऐकायचं, शेवटी प्रश्नोत्तरं.

मग अशोकाचा धडा आला. या वेळी पुस्तक काढलंच नाही. आठ-दहा चिठ्ठ्या केल्या, प्रत्येकीवर एक ओळ, अक्षरं माझ्या मनची, त्रिकोण, गोळे, काट्या. ओळी सगळ्या वेगळ्या, पण प्रत्येकीच्या शेवटी त्याच दोन खुणा आणि एक टिंब. म्हटलं, जुन्या स्तूपाच्या कठड्यावर वेगवेगळ्या माणसांनी हे कोरून घेतलंय, मग शेवटी सगळे एकच शब्द का लिहितात? धाकटी म्हणाली, सही असेल. बराच वेळ नुसता गोंधळ, मला वाटलं गेला आजचा दिवस. तेवढ्यात थोरल्याने विचारलं, "पण कठडा बांधायला पैसे कोणी दिले?" आणि मी उडालोच! अरे, १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाचं सांचीच्या स्तूपावरच्या लेखांवर हेच डोकं चाललं होतं, शेवटचा शब्द निघाला 'दानं', त्यातून द आणि न हाताशी आले आणि ब्राह्मी, म्हणजे अशोकाच्या काळची लिपी, भराभर सुटत गेली.

पुढचं कोडं, याच लिपीतल्या शिलालेखांत सारखा भेटणारा 'देवानंपिय पियदसि' हा राजा कोण? प्रिन्सेपला आधी तो श्रीलंकेचा वाटला. पोरांना ही चूक इतकी आवडली की काय सांगू, मोठी माणसंही आपटतात म्हणून. तिथल्याच पाली ग्रंथांवरून तो अशोक असल्याचं कळलं आणि १९१५ मध्ये कर्नाटकात मस्कीला सापडलेल्या लेखात तर थेट अशोक हे नावच मिळालं. ही सालं मी पाठ करून घेतली नाहीत, तरी त्यांच्या लक्षात आहेत.

सनावळीसाठी सुतळी घे. एक वर्ष म्हणजे एक सेंटीमीटर. तुझी लेक नऊ सेंटीमीटर, आजोबा पाऊण मीटर, आणि अशोक गादीवर आला तो साधारण इ.स.पू. २६८, म्हणजे जवळजवळ तेवीस मीटरवर, आमची सुतळी दारातून बाहेर जाऊन जिना उतरली. पुठ्ठ्याचे मुकुट, तलवारी वगैरेच्या नादी फार लागू नकोस, मी लागलो होतो, दुपार जाते आणि हातात फक्त डिंक राहतो (मजा येते, नाही म्हणत नाही).

आणि हो, पोरं भांडली की दोघांना वेगवेगळ्या खोलीत बसवून घडलं ते लिहायला सांग. आमच्याकडे रिमोट कोणी आधी ओढला याच्या दोन बखरी तयार झाल्या, दोन्ही छातीठोक! मग तिसरा पुरावा शोधायला दोघंच आजीकडे पळाली, ती म्हणे मी झोपले होते.

चिठ्ठ्यांचा फोटो पाठवतोय. बाकीच्या ओळी आधी तू सोडव, पोरांसमोर अडकलास तर मला फोन करू नकोस.

तुझाच,
मी