एल्विसचा आवाज हरवलाच नव्हता

महोदय,

अमेरिकी रॉक गायक एल्विस प्रेस्लीचा विषय निघाला की ३ डिसेंबर १९६८ रोजी एनबीसी या अमेरिकी दूरचित्रवाहिनीने दाखवलेल्या त्याच्या कार्यक्रमाचे गोडवे गायले जातात. ते रास्तच आहे. अंगात काळे चामड्याचे कपडे, शेजारी स्कॉटी मूर आणि डी. जे. फोंटाना हे जुने साथीदार, श्रोते अगदी हाताच्या अंतरावर. आणि घामाने निथळणारा एल्विस मूरची गिटार स्वतःच वाजवू लागतो. अंगावर काटा येतो.

पण त्याआधीची वर्षे म्हणजे नुसती टुकार चित्रपटगीते, हे मत अन्यायाचे आहे. मे १९६६ मध्ये नॅशव्हिलला त्याने 'हाउ ग्रेट दाऊ आर्ट' या भक्तिगीतांच्या अल्बमसाठी ध्वनिमुद्रण केले. त्याला ग्रॅमी मिळाले. त्याच सुमारास गायलेले बॉब डिलनचे 'टुमॉरो इज अ लाँग टाइम' तर पाच मिनिटांहून मोठे, संथ, एकही सूर न ताणलेले. ते 'स्पिनआउट' चित्रपटाच्या अल्बममध्ये पुरवणीसारखे कोंबले गेले! आवाज शाबूत होता, गाणी भिकार दिली जात होती. मॅनेजर कर्नल पार्कर यांना तर १९६८ चा कार्यक्रमही नाताळगीतांचाच हवा होता. दिग्दर्शक स्टीव्ह बाइंडर यांनी तो हट्ट मोडून काढला.

– एक वाचक, कोल्हापूर