निर्मनुष्य दरीतला धूर

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या चढाईच्या फिल्मचा रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं संकलन, तीनदा पाहिला. पहिल्यांदा बाप म्हणून, म्हणजे अर्धा वेळ डोळ्यांवर हात ठेवून. त्या आडव्या भेगेत तुझा पाय सटकतो तिथे मी चक्क उठून पाणी प्यायला गेलो. तू सुखरूप परत येऊन आठवडा झालाय हे माहीत असूनही. दुसऱ्यांदा संकलक म्हणून पाहिला. तिसऱ्यांदा आवाज बंद करून. ही माझी जुनी खोड. संगीत चालू असलं की चित्र आपल्या गळ्यात काय काय मारतंय ते कळत नाही.

चढाईचा भाग झकास आहे. त्याला हात लावू नकोस. शेवटच्या टप्प्यात नुसता श्वास आणि कातळावर घासणारे बूट एवढंच ठेवलंस, ते मला सुचलं नसतं. लिहायचंय ते गावाबद्दल. फोनवर बोललो असतो तर तू 'बाबा, ही क्लाइंबिंगची फिल्म आहे' म्हणाली असतीस, मी आवाज चढवला असता आणि आईने येऊन फोन काढून घेतला असता. म्हणून पत्र.

४२ मिनिटांच्या फिल्ममध्ये गावातली माणसं किती वेळ दिसतात ते मी स्टॉपवॉच लावून मोजलं. १ मिनिट ५० सेकंद. हसणारी पोरं, सुरकुत्यांचा क्लोज-अप, ओझं वाहणाऱ्याच्या फक्त पोटऱ्या, चुलीचा धूर. एकालाही नाव नाही, एकाचंही वाक्य पुरं होत नाही. तुमच्या सहाही जणांच्या नावाच्या पट्ट्या आहेत, ड्रोन उडवणाऱ्याचीसुद्धा.

आणि ते निवेदन! 'या निर्मनुष्य दरीत' असं तू म्हणतेस तेव्हा पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात दोरीवर कपडे वाळत पडलेत. फ्रेम थांबवून मोजले. सात. निर्मनुष्य दरीतले सात कपडे धुतले कोणी गं? पुढे 'साधी, समाधानी माणसं' असंही एक वाक्य आहे. साधी म्हणजे तुमच्याशी भांडली नाहीत, एवढंच ना? आणि समाधानी असल्याचं त्यांनी तुला कधी सांगितलं?

रागावू नकोस. तू सगळे रशेस, म्हणजे न कापलेलं मूळ चित्रीकरण, हार्ड डिस्कवर दिलेस म्हणून पुढचं लिहू शकतोय.

ड्रोनचा तो छपरांवरून कातळाकडे झेपावणारा शॉट. फिल्ममध्ये तो १२ सेकंद आहे, मूळ ४० सेकंदांचा. पहिल्या भागात अंगणात एक बाई काहीतरी निवडत बसलीय. घरघर ऐकून वर बघते. मग मांडीवरचं ताट बाजूला सारते, शेजारी खेळणाऱ्या पोराचा दंड धरते आणि त्याला जवळजवळ ओढतच आत नेते. दार लागतं. तुझा कट बरोबर त्याच्या पुढच्या फ्रेमवर आहे. संकलक म्हणून सांगतो, जागा अचूक निवडलीस. म्हणूनच खुपली.

दुसरा शॉट, मिनिट १४. उंबऱ्यात उभी असलेली आजी. उन्हाला हाताचा आडोसा करून कॅमेऱ्याकडे बघते. तू तो स्लो मोशनमध्ये घेतलायस आणि खाली बासरी. (बासरी आली की समजावं, गावकरी आले. आमच्या काळीही हेच होतं.) तिचे ओठ हलतात हे आवाज बंद असताना माझ्या लक्षात आलं. मूळ क्लिप काढली, हेडफोन लावले. वारा फार आहे, पण शब्द कळतात. ती म्हणते, "मागं आलेल्यांनी वर ते लटकवून ठेवलंय, रात्री वाऱ्यानं वाजत राहतं. झोप लागत नाही. तेवढं उतरवाल का?" तुमच्यातला कोणीतरी म्हणतो, "हो हो, आजी." आणि लगेच दुसरा आवाज, "लाईट कसला भारी आहे! आजी, जरा इकडे बघा ना." ती बघते. तोच तुझा शॉट.

कातळात ठोकलेल्या तिसऱ्या-चौथ्या बोल्टवर सोडून दिलेले क्विकड्रॉ (दोर अडकवायच्या कड्या) आणि ती साखळी तुझ्याच दुसऱ्या एका क्लिपमध्ये स्पष्ट दिसते. तुम्हाला ती चढाईची खूण वाटली. तिला तो रात्रीचा खडखडाट आहे.

हे तू पहिल्यांदा केलंस असं नाही. या प्रकाराला शंभर वर्षं झाली. १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे चित्रीकरणाचे हक्क कॅप्टन जॉन नोएल यांनी ८,००० पौंड मोजून घेतले होते. माथ्याकडे निघालेले मॅलरी आणि अर्विन परतले नाहीत, त्यामुळे शिखराचा शेवट हाती नव्हता. मग फिल्ममध्ये तिबेटी लोकांचं जगणं आलं. त्यात लेकराच्या डोक्यातल्या उवा काढून खाणारा माणूस आला. शिवाय लंडनच्या प्रेक्षकांसमोर नाचायला खरेखुरे तिबेटी भिक्षू नेऊन उभे केले. ल्हासातले राज्यकर्ते संतापले. त्यानंतर तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टवर मोहीम जायला १९३३ साल उजाडलं. त्या खोळंब्याला इतरही कारणं होती, पण हे फार बोचलं होतं. गंमत अशी की नोएल काही दुष्ट माणूस नव्हते. तिबेटवर त्यांचा जीव होता. कॅमेरा त्यांनी प्रेमानेच लावला होता. प्रेमाने लावलेला कॅमेराही माणसाला तमाशात उभा करू शकतो, हे मला उशिरा कळलं.

नावाचंही असंच. तुझ्या फिल्ममध्ये 'अजून कोणी नाव न दिलेला सुळका' असं येतं. रशेसमधल्या २७व्या क्लिपमध्ये एक पोरगा तुमच्या पुढे पळत पळत त्या सुळक्याचं नाव दोनदा घेतो. ते मी इथे लिहीत नाही, तू स्वतः ऐक. अमेरिकेतल्या योसेमिटी दरीतला तो प्रचंड कडा, एल कॅपिटन, आठव. चढाईच्या जगात ते नाव घेतलं की कान टवकारतात. ते नाव १८५१ मध्ये ज्या सशस्त्र तुकडीने ठेवलं, ती योसेमिटीच्या दरीतून तिथल्या आवानीची लोकांना हुसकावून लावायला शिरली होती. मूळ नावाचंच ते ढोबळ स्पॅनिश भाषांतर समजलं जातं. पुढे त्या दरीतल्या प्रस्तरारोहणाच्या इतिहासावर जे काही बनलं, त्यातलं बरंचसं १९५० च्या आसपास, तंबू ठोकलेल्या कॅम्पपासून सुरू होतं. जणू त्याआधी तिथे फक्त ग्रॅनाइट होता. दरीतल्या मूळ रहिवाशांच्या वस्तीतली शेवटची घरं १९६९ मध्ये हटवली गेली. म्हणजे दोरावर लटकलेल्यांच्या डोळ्यांदेखत.

मला सगळ्यात शिकवून गेलेली फिल्म म्हणजे जेनिफर पीडम यांची 'शेर्पा', २०१५ ची. शेर्पा हे एका समाजाचं नाव आहे, ओझं वाहण्याच्या हुद्द्याचं नव्हे, ही गोष्ट त्या नावापासूनच डोक्यात बसते. पीडम एकवीस वेळा एव्हरेस्ट चढलेल्या फुर्बा ताशी या शेर्पांच्या मागे गेल्या होत्या. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबूच्या हिमप्रपातात हिमकडा कोसळला, १६ नेपाळी कामगार गेले आणि फिल्मची दिशाच बदलली. पण मला वाटतं, तिची ताकद त्या दुर्घटनेच्या आधीच ठरली होती. कॅमेरा फुर्बांच्या घरात बसलेला आहे. त्यांची आई, बायको बोलतात, आणि डोंगरावर जाण्याबद्दल त्यांचं मत आपल्यासारखं नाही. ते मत ऐकलेलं असतं म्हणूनच, नंतर बेसकॅम्पवर एक गिऱ्हाईक या माणसांच्या 'मालकांशी' बोलता येईल का असं विचारतो, तेव्हा अंगावर काटा येतो. तोच प्रश्न बासरीवाल्या फिल्ममध्ये आला असता तर कोणाच्या लक्षातही आला नसता.

आता माझंही सांगतो. सहायक संकलक होतो तेव्हा एका मोहिमेच्या माहितीपटाची श्रेयनामावली मीच टाइप केली. त्यात सामान पुरवणाऱ्यांची नावं होती, शुभेच्छा देणाऱ्यांची होती, बेसकॅम्पवर येऊन राहिलेल्या कुत्र्याचंही नाव होतं. सगळ्यांना ते फार आवडलं, प्रेक्षक त्या ओळीला हसायचे. आणि वीस दिवस पाठीवर सामान वाहून नेणाऱ्यांसाठी एक ओळ: 'आणि स्थानिक ग्रामस्थ'. नावं माझ्याकडे नव्हती हे खरं. पण मी मागितली नव्हती, हेही तितकंच खरं. कुत्र्याचं मात्र स्पेलिंगसुद्धा विचारून घेतलं होतं.

तुझा बचाव मला ठाऊक आहे. फिल्म ४२ मिनिटांची, महोत्सवाची मर्यादा ४५ ची, आणि लोक येतात ते चढाई बघायला. मान्य. गावाच्या समस्यांवर वेगळा भाग जोड, असं मी म्हणतच नाही. तसं केलंस तर ते आणखी वाईट होईल. मग तीच माणसं बिचारी होऊन येतील. चढाईच्या फिल्ममधला गावकरी दोनच प्रकारचा असतो, एक हसरा आणि दुसरा काठी घेऊन वाट अडवणारा. त्या दुसऱ्यावर प्रेक्षक हसतात. त्याच्या बांधावरून किती जण गेले, फाटक कोणी उघडं टाकलं, झाडामागे काय घाण केली, हे पडद्यावर कधी येत नाही. येतो तो फक्त त्याचा चढलेला आवाज. तिसरा प्रकार मला दिसतच नाही. कामात असलेला, तुमच्याकडे फारसं लक्ष नसलेला माणूस. खरं तर गावात तोच सगळ्यात जास्त असतो.

आणि डोंगराबद्दल त्या लोकांचा काही शब्द असेल तर तो फिल्ममध्ये नेहमी अडथळा म्हणून येतो. परवानगी मिळेल की नाही, थोडं तणावाचं संगीत, मग मिळाली. १९५५ मध्ये कांचनगंगा पहिल्यांदा चढणारे ब्राउन आणि बँड माथ्यापासून काही फुटांवर थांबले, कारण सिक्कीमच्या चोग्यालांना, म्हणजे तिथल्या राजांना, तसा शब्द दिला होता. दुसऱ्या दिवशी गेलेले दोघेही तसेच थांबले. त्या काही फुटांत केवढं नाट्य आहे बघ! पण कॅमेऱ्याला पाय ठेवलेला हवा असतो, मागे घेतलेला चालत नाही.

तर, माझ्या मते फार काही करायचं नाही. 'निर्मनुष्य' आणि 'समाधानी' ही दोन विशेषणं काढ, निवेदन आपोआप सुधारेल. 'नाव न दिलेला' तर काढच, आणि पोराचा आवाज तिथे टाक. दीड सेकंद लागेल. पोटऱ्यांच्या शॉटमधल्या माणसाचा चेहरा ११व्या क्लिपमध्ये चांगला आलाय, तो घे आणि नावाची पट्टी दे. ड्रोनचा शॉट ठेवायचा की नाही हे तू ठरव. ठेवलास तर त्या बाईला विचारून ठेव.

आजीचा शॉट मी इथे बसून परत लावून बघितला. बासरी काढली, वेग मूळचा ठेवला, २६ सेकंद पूर्ण, "लाईट कसला भारी आहे"सकट. तुमच्या चमूला तो आवडणार नाही. मला मात्र तो अख्ख्या फिल्ममधला सगळ्यात जिवंत शॉट वाटला, तुझ्या त्या सटकलेल्या पायापेक्षाही. वाऱ्याचा आवाज थोडा कमी करावा लागेल, ते मी करून देतो. सबटायटल तू लिही, पण तिच्या बोलण्याची पॉलिश करू नकोस. 'वाजत राहतं' तसंच राहू दे.

फाइल हार्ड डिस्कवर 'आजी_पूर्ण' नावाने ठेवलीय. श्रेयनामावलीत तिच्यासाठी एक ओळ रिकामी सोडलीय, नाव कळलं की भर.

आणि एक विचारायचं राहिलं. त्या दिवशी तुम्ही "हो हो, आजी" म्हणालात. नंतरच्या तीन दिवसांचं सगळं फुटेज मी पाहिलं, त्यात ती साखळी कोणी उतरवताना दिसत नाही. कॅमेरा बंद असताना उतरवली असेल तर मला कळव. नसेल तर फिल्म कुठे पाठवायच्या आधी एकदा जाऊन ये.

तुझा,
बाबा