गोळी बंद करू नकोस

भुसावळ,
रविवार, रात्र

प्रिय दिलीप,

परवा फोनवर तू म्हणालास, "बीपी नॉर्मल आलं भो, गोळी बंद केली." तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. फोनवर तू हसण्यावारी नेशील, म्हणून लिहितोय.

आमच्या नानांच्या लकव्याचं तुला माहीत आहे, पण सुरुवात कशी झाली ते मी कधी सांगितलं नाही. त्यांचंही १२८/८० आलं होतं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, रोज केळीला पाणी धरायला जात होते. म्हणून गोळी सोडली. चार महिन्यांनी एका सकाळी चहाची बशी उजव्या हातातून निसटली. उचलायला वाकले तर हात वळेना, बोलणं जड झालं. आईला वाटलं, रात्रीची झोप झाली नसेल. त्यात दोन तास गेले. आजही नाना घडाकडे बोट दाखवतात आणि 'केळी' हा शब्द त्यांना सापडत नाही.

तुझा आकडा नॉर्मल आला तो गोळीमुळेच आला रे! ठिबकचं तुला काय सांगायचं? दाब रोज जास्त राहिला तर जोड सुटेपर्यंत वरून काही दिसत नाही. मेंदू, किडनी, डोळे यांतल्या बारीक रक्तवाहिन्यांचं तसंच होतं. त्यात तुला शुगर आहे, तंबाखूची पुडी आहे, आणि काकांना पन्नाशीत अटॅक आला होता. हे सगळं मिळून धोका मोजायचा असतो, नुसता बीपीचा आकडा बघून नाही.

माप नीट घेतलं होतं का? जिना चढून, गप्पा मारत घेतलेलं धरू नकोस. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, हात छातीच्या उंचीला ठेवायचा. सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा माप आणि वहीत लिही. दवाखान्यात १४०/९० ही हद्द धरतात, घरी सरासरी १३५/८५.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून एक लहान चमचा. वहिनींच्या उडदाच्या पापडात मीठ असतं आणि पापडखारही, सोडियम दोन्हींत. भरीत आणि कळण्याची भाकरी खुशाल खा, शेवभाजी मात्र रोज नको.

उद्याच डॉक्टरांकडे जा. गोळी कमी करायची की नाही ते त्यांना ठरवू दे. बुधवारी मी चोपड्याला येतो, माझं मशीन घेऊन. वही काढून ठेव.

तुझाच,
सुरेश